दाखल्याच्या पानावरचा "करिता" रकाना

वंदनाताईंना त्यांच्या संस्थेने फसवलं. फसवायचं साधन माझ्या भागीदाराने तयार करून दिलं. आणि ते साधन चोख आहे असं लेटरहेडवर लिहून खाली सही मी केली.

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, हिंगोलीत कॉम्प्युटर आणि इंटरनेट आलं त्या दिवसांच्या गमती लिहा. गमती आहेत, सांगतो. पण वरच्या तीन ओळी लिहिल्याशिवाय माझा पेन पुढे सरकेना. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण मग हा लेख छापून येणार नाही. वंदनाताईंचं आडनाव लिहीत नाही, कारण त्यांनी नको म्हटलं. भागीदाराचं नाव दिगंबर. त्याला मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

मी आखाडा बाळापूरजवळच्या खेड्यातला. घरी मेंढरं, दहा-पंधरा शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. शाळेआधी मी बाजार शिकलो. बा मला बाळापूरच्या बाजारात बोकडाची दोरी धरून उभा करायचा आणि स्वतः लांब जाऊन बसायचा. गिऱ्हाईक बोकडाचे दात बघतं, पाठ दाबतं, मग तोंड वाकडं करून पुढे जातं. जो तोंड वाकडं करून पुढे जातो तो परत येतो. जो गोड बोलतो तो येत नाही. हे मला दहाव्या वर्षी कळलं. माझा राग मात्र तेव्हापासूनच नाकाच्या शेंड्यावर. कोणी आमच्या बोकडाला म्हातारा म्हटलं की मी दोरी सोडून भांडायला जायचो, आणि बोकड दुसरीकडे जायचा.

टायपिंग शिकलो, कळमनुरीला तहसीलसमोर अर्ज टाइप करत बसलो. नव्वद सालानंतरची ती वर्षं. नांदेडचा एक कॉम्प्युटर क्लास बंद पडतोय असं कानावर आलं तेव्हा मी तिथे जाऊन तीन दिवस नुसतं तोंड वाकडं केलं. चौथ्या दिवशी मालकाने कॉम्प्युटर दिला आणि त्याच भावात स्टॅबिलायझर, खुर्ची आणि वरचं प्लॅस्टिकचं कव्हरही दिलं. मॉनिटर मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टर आला.

"ह्याचं तिकीट?"

"काहून? मांडीवरलं लेकरू हाय."

"लेकरू? चौदा इंच दिसून राहिलं."

"तोंडच मोठं हाय त्याचं. वय तीनच्या आत हाय."

अख्खी गाडी हसली. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलंच, पण वारंगा फाट्यावर चहा त्याने पाजला.

हिंगोली जिल्हा झाला आणि आमचे दिवस फिरले. नवीन कार्यालयं आली, नवीन साहेब आले, प्रत्येकाला काहीतरी छापून हवं होतं. मी एसटी डेपोजवळ दुकान घेतलं. मग टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं. तो मोडेमचा आवाज आठवतो का? आधी घंटी, मग मांजरं भांडल्यासारखं किंचाळणं, मग शांतता. ती शांतता पडली की दुकानातली माणसं आपोआप हळू बोलायची. दहावीच्या निकालाच्या दिवशी रांग रस्त्यावर जायची. एका पोराचे मार्क पडद्यावर उमटत होते आणि नेमकी लाईट गेली. पोराचे वडील मला म्हणाले, "तेवढं गणिताचं दिसलं होतं, ते तरी राहतं का आता?" मी म्हणालो, "राहतं." त्यांनी पेढे आणले. माझ्या दुकानात पहिल्यांदा पेढे आले ते असे.

प्रोग्राम लिहायची जावा नावाची भाषा शिकायला मी नांदेडच्या क्लासाला जाऊ लागलो, तिथे मला दिगंबर भेटला. हिंगोलीचाच, शिक्षकाचा मुलगा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी इंग्रजी पुस्तक बोट ठेवून वाचायचो, तो नुसतं पान उलटायचा. मी भांडायचो, तो हसून मिटवायचा. अशी जोडी धंद्याला चांगली असते असं मला वाटलं. आम्ही दोघे सकाळच्या एसटीने जायचो, संध्याकाळी यायचो, आणि गाडीत त्याने मला जे शिकवलं ते क्लासच्या मास्तराने शिकवलं नाही. हे खरं आहे आणि रागाच्या भरात मी ते खोडणार नाही. त्या दोन वर्षांइतका आनंद मला पुढे धंद्यात कधी झाला नाही.

आता माझा धंदा काय होता ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वेबवरचा सर्व्हर हा फार विसरभोळा माणूस. तुम्ही एक पान मागितलं, त्याने दिलं, संपलं. लगेच दुसरं पान मागितलं तर तो विचारतो, आपण कोण? म्हणून पहिल्यांदा नाव आणि पासवर्ड घेतला की तो तुमच्या ब्राउझरकडे एक बिल्ला देतो. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर तो बिल्ला येतो. पण बिल्ला तपासायचा कोणी? शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कामात चाळीस-पन्नास पानं असतात: प्रवेशाचं, दाखल्याचं, हजेरीचं. प्रत्येक पानाने तपासायचं म्हटलं तर एखादं विसरतंच. म्हणून सगळ्या पानांच्या आधी एक फाटक बसवतात. त्याला फिल्टर म्हणतात. मागणी आधी फाटकावर येते. फाटक बिल्ला बघतं, माणूस ओळखतं, आणि त्या मागणीच्या अंगावर त्याचं नाव बांधून तिला आत सोडतं. आतल्या पानाने परत कोणाला काही विचारायचं नाही. अंगावर बांधलेलं नाव वाचायचं आणि काम करायचं.

दिगंबरने मला हे एसटीत समजावलं तेव्हा मी म्हणालो, हे तर आमच्या बाला माहीत आहे. चार जणांची मेंढरं एका रानात मिसळली की मालक कोण हे मेंढराच्या कानाला विचारायचं, माणसाच्या तोंडाला नाही. कानाची खूण एकदाच होते, ती करणारा एकच असतो. दिगंबर इतका हसला की शेजारच्या बाईने पिशवी आवरून घेतली.

एक बारकी गोष्ट सांगतो, सगळं त्यात आहे. मागणीबरोबर दोन तऱ्हेची माहिती येते. एक फाटकाने बांधलेली. ती बाहेरच्या माणसाच्या हाती लागत नाही. दुसरी, समोरच्याने फॉर्ममध्ये भरलेली. ती तो काहीही भरू शकतो. आतल्या पानावर पहिली वाचायची की दुसरी, हा एका ओळीचा फरक. दोन्ही ओळी दिसायला सख्ख्या बहिणी.

संस्थेचं काम आम्हाला मिळालं ते दोन हजार सालानंतर काही वर्षांनी. सर्व्हर हिंगोलीच्या मुख्य कार्यालयात, शाखा कळमनुरीला, बाळापूरला आणि आणखी तीन ठिकाणी. विद्यार्थ्यांचं जुनं जनरल रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवायचं, दाखले तिथून काढायचे, आणि कोणत्या नोंदीत कोणी कधी बदल केला ते नावासकट जपून ठेवायचं. सचिवांशी मी भावासाठी अकरा वेळा बसलो. सचिव म्हणजे पांढरा सफारी, शांत आवाज, समोरच्याला आधी चहा पाजणार. अकराव्या वेळी ते म्हणाले, "शेठ, तुमी बोकड विकून राहिले का प्रोग्राम?" मी म्हणालो, "साहेब, बोकड परत येत न्हाई. ह्याच्यासाठी मी रोज येणार हाय. त्याचं बी धरा." काम मिळालं.

प्रोग्राम चालू झाला आणि आमच्या लोकांनी तो आमच्या पद्धतीने वापरायला घेतला. आमच्याकडे नाव माणसाचं नसतं, खुर्चीचं असतं. हळदीच्या एका अडत्यांनाही आम्ही हिशेबाचा प्रोग्राम दिला होता; त्यांनी मोंढ्यातल्या त्यांच्या फळ्यावर, त्या दिवसाच्या भावाखाली, स्वतःचा पासवर्ड खडूने लिहून ठेवला होता. मी बोंबललो. ते शांतपणे म्हणाले, "मी न्हाई आलो तर मुनीमानं दुकान बंद ठेवायचं का?" शाळांत तेच. सकाळी जो पहिला येईल तो स्वतःच्या नावाने उघडायचा आणि दिवसभर सगळी शाखा त्यावर काम करायची. रात्री बदलांच्या नोंदवहीत एकाच क्लार्कने पाचशे नोंदी केलेल्या दिसायच्या. मी त्याला विचारलं, तर बिचारा म्हणाला, "मी तर बँकेत गेलतो."

कळमनुरी शाखेत मात्र एक कनिष्ठ लिपिक होत्या, वंदनाताई. जेवायला उठायच्या आधी त्या स्वतःचं नाव बंद करायच्या. पाणी प्यायला उठल्या तरी बंद करायच्या. बाकीचे चिडवायचे, "ताई कुलूप लावून डबा खातात." त्या म्हणायच्या, "माझ्या नावाचं पातेलं हाय, झाकण मीच ठेवणार." मी देखभालीला गेलो की मुद्दाम सगळ्यांसमोर सांगायचो, शिका ह्यांच्याकडून. आपल्या मालाची कदर करणारं गिऱ्हाईक कोणाला आवडत नाही!

मग करिताचं प्रकरण निघालं. सरकारी पत्र पाहिलंय ना? खाली छापलेलं असतं "मुख्याध्यापक". साहेब गावाला गेलेले असतात. मग हेडक्लार्क त्याच्यावर पेनाने "करिता" लिहितो आणि स्वतःची सही ठोकतो. सगळं महाराष्ट्र राज्य करितावर चालतं. सचिवांनी मला बोलावलं.

"शेठ, हेडमास्तर मिटिंगला जातात. दाखला त्यांच्या नावानं निघाला पाहिजे. तुमचा प्रोग्राम क्लार्कचं नाव दाखवून राहिला. एक रकाना द्या. करिता. त्यात नाव निवडायचं, त्या नावानं नोंद झाली पाहिजे."

"साहेब, कागदावर करिता लिहिलं की खाली सही कोणाची असते?"

"ज्यानं केली त्याची."

"म्हणजे दोन नावं. कोणाकरिता आणि कोणाच्या हातानं. तुमी एकच मागून राहिले. मी दोन देतो. फाटकातून आलेला माणूस कोण ते एका रकान्यात, कोणाकरिता ते दुसऱ्या."

"छापील नमुन्यात दोन नावाला जागा न्हाई."

"मग नमुना बदला."

"नमुना बदलायचा न्हाई. प्रोग्राम बदला. तुमी प्रोग्रामवाले आहात."

मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि मी तो तसाच ठेवून निघून आलो. त्यांच्या शिपायाने जिन्यापर्यंत येऊन विचारलं, "शेठ, चहात माशी व्हती का?"

दोन दिवसांनी दिगंबर म्हणाला, "संस्थेचं मिटवलं मी. आता फोन येणार नाही." मी विचारलं नाही कसं मिटवलं. भांडण माझं होतं, मिटवणं त्याचं. आमच्या धंद्याची तीच वाटणी होती. फोन खरंच बंद झाले, आणि मला बरं वाटलं. या लेखात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या चार वाक्यांची.

पुढे एक दिवस सचिवांचा फोन आला. कळमनुरीच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या जन्मतारखेत फरक निघाला होता. माणसाला शाळा सोडून कितीतरी वर्षं झालेली, कुठल्याशा भरतीसाठी त्याचं वय दोन वर्षं जास्त होत होतं. त्याने नवीन दाखला काढला, त्यात दोन वर्षं कमी. तिकडे कोणीतरी तक्रार केली, जुनं कागदी रजिस्टर काढलं, तारीख जुळली नाही. आता कॉम्प्युटरमध्ये बदल कोणी केला? नोंदीसमोर नाव होतं वंदनाताईंचं.

"त्या बाई नाकबूल करून राहिल्या," सचिव म्हणाले. "म्हणतात प्रोग्राम खोटा आहे."

"माझा प्रोग्राम?"

"मीच म्हटलं, शेठचा माल असा न्हाई. पण चौकशी समितीला लेखी पाहिजे."

माणूस बोकडाला म्हातारा म्हणाला की मी दोरी सोडतो. सचिवांना माझी ही खोड अकरा बैठकांत कळली होती. मी त्याच दुपारी लेटरहेडवर टाइप केलं: आमच्या प्रणालीत नोंदीसमोर दिसणारे नाव हे प्रत्यक्ष नोंद करणाऱ्याचेच असते, ते अन्य कोणास बदलता येत नाही. खाली सही, शिक्का. प्रोग्राम उघडूनसुद्धा पाहिला नाही. माझाच होता, काय पाहायचं? उभ्या आयुष्यात मी कोणाला घासाघीस केल्याशिवाय काही दिलं नव्हतं. हे पत्र मात्र पहिल्याच बोलीला देऊन बसलो.

आठवड्याने वंदनाताई स्वतः कळमनुरीहून दुकानात आल्या. उन्हाच्या वेळी, एकट्या. पिशवीत त्या पत्राची झेरॉक्स.

"जय भीम, दादा."

"जय भीम, ताई. बसा. पाणी घ्या."

"पाणी नंतर. हे तुमी लिहिलं?"

"व्हय."

"मग मला दाखवा, मी कुठं बदल केला ते. मला भांडायचं न्हाई. मला बघायचं हाय. तो माणूस माझ्याकडंच आलता आधी. तारीख बदला म्हणला. मी म्हटलं, कागदी रजिस्टर आणा आन् हेडमास्तरचा लेखी आदेश आणा. तो हसून गेला. आता तीच तारीख माझ्या नावानं बदलली. कशी बदलली तेवढं दाखवा."

मला वाटलं, बाई हुशार आहे, समजावून सांगू. मी दाखल्याच्या पानाचा प्रोग्राम उघडला आणि मोठ्या ऐटीत सुरुवात केली. "हे बघा ताई, इथं फाटक. फाटकानं तुमचं नाव बांधलं. आता खाली, ह्या ओळीत, पान ते नाव वाचतं…"

त्या ओळीत पान ते नाव वाचत नव्हतं. ते फॉर्ममधल्या करिता रकान्यातलं नाव वाचत होतं, आणि तेच नोंदीत घालत होतं. फाटकाने बांधलेलं नाव आतपर्यंत येत होतं आणि तसंच वाऱ्यावर सुटत होतं. कुठेही लिहिलं जात नव्हतं. पासवर्ड असलेला कोणीही, कोणत्याही शाखेतून, यादीतून वंदनाताईंचं नाव निवडून काहीही करू शकत होता. नंतर कोणी केलं ते देवालाही सापडलं नसतं, कारण ज्याला माहीत होतं त्या सर्व्हरने ते दुसऱ्या क्षणी विसरायचंच होतं.

मी फाईल कधी बदलली ते पाहिलं. जन्मतारीख बदलायच्या नऊ दिवस आधी.

"काय झालं, दादा?"

मी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मग त्यांनी स्वतःच माठातून पाणी घेतलं आणि आधी माझ्यासमोर ठेवलं.

दिगंबर दुसऱ्या दिवशी परभणीहून आला.

"ही ओळ कोणी बदलली?"

"मीच. तुम्ही भांडून आलात, कोणीतरी मिटवायला नको?"

"दोन नावं ठेवली असती तर चार ओळी जास्त लागल्या असत्या. चार!"

"त्यांना दोन नकोच होती."

"कोणाला?"

"संस्थेला. फोन आला होता."

"संस्थेला तोंड असतं का? कोणाचा फोन?"

"दादा, आता जाऊ द्या ना."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"तुम्हाला सांगितलं की तुम्ही बाजार भरवता."

मी टेबलावरचा कीबोर्ड उचलून भिंतीवर आपटला. बटणं दुकानभर उडाली. ती आम्ही दोघांनी खाली बसून गोळा केली. तो कोणाचा फोन होता ते त्याने तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. दिवाळीच्या आत त्याने पुण्यात नोकरी धरली.

मी समितीला लिहिलं की माझं पत्र चुकीचं आहे, मला येऊन दाखवू द्या. बोलावलं. संस्थेच्या कार्यालयात तीन माणसं, निवृत्त हेडमास्तर अध्यक्ष, सचिव बाजूला चहा पीत. वंदनाताई दाराजवळच्या खुर्चीत. मी ठरवलं, बोलायचंच नाही, करून दाखवायचं. देखभालीच्या माझ्या नावाने आत गेलो, चाचणीसाठी ठेवलेल्या एका खोट्या विद्यार्थ्याची जन्मतारीख बदलली आणि करिता रकान्यात सचिवांचं नाव निवडलं. मग नोंदवही उघडून पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"साहेब, तुमी इथं चहा पिऊन राहिले, आन् तिकडं आत्ता तुमच्या नावानं एका लेकराचं वय पाच वर्षांनी कमी झालं. केलं का तुमी?"

हेडमास्तरांनी चष्मा लावून वाचलं. एक सदस्य हसला. मला वाटलं, जिंकलो. बाजारात असा क्षण येतो, समोरच्याचा हात खिशाकडे जातो.

सचिवांनी कप बशीत ठेवला. "म्हणजे तुम्ही समितीसमोर आमच्या रेकॉर्डमध्ये खोटी नोंद केली. लिहून घ्या, सर."

"मी दाखवलं!"

"आधी लिहून दिलं की बदलता येत न्हाई. आज म्हणता येतं. तेव्हा खोटं बोलले का आज? आन् बाई तुमच्या दुकानावर येऊन गेल्या, हे खरं का?"

मी उठलो, ओरडलो, टेबलावर हात मारला. शांत राहिलो असतो तर कदाचित ऐकलं असतं. माझा आवाज चढत गेला तसे हेडमास्तर मागे मागे सरकत गेले. वंदनाताई एकदाच बोलल्या, "दादा, खाली बसा. तुमच्या ओरडण्यात माझं म्हणणं बुडून राहिलं." तोवर बुडालेलंच होतं. अहवालात माझं पहिलं पत्र जोडलं गेलं. प्रात्यक्षिकाबद्दल एक ओळ आली: सदर व्यक्तीचे वर्तन विश्वासार्ह वाटले नाही. ती ओळ मला पाठ आहे.

वंदनाताईंना कामावरून काढलं. त्यांनी अपील केलं, तारखा पडत गेल्या, वडील आजारी पडले, अपील अर्धवट राहिलं. ज्याची तारीख बदलली त्या माणसालाही भरती मिळाली नाही. म्हणजे त्यातून कोणाचंच भलं झालं नाही.

त्यानंतर मी जितके प्रोग्राम लिहिले, दूध डेअरीचे, गोदामांचे, दवाखान्यांचे, त्या प्रत्येकात दोन रकाने ठेवले: फाटकातून कोण आलं आणि कोणासाठी काम केलं. गिऱ्हाईकं कुरकुरायची. मी भावात पडतं घेतलं, पण रकाना काढला नाही. पुण्या-मुंबईची शिकलेली पोरं आता मला सांगतात की असंच करायचं असतं, पुस्तकात आहे. मी मान हलवतो. माझं दुकान आता पुतण्या चालवतो. मोडेम कपाटावर धूळ खात पडलाय, तो मी त्याला टाकू देत नाही. एसटीत बसून दिगंबरने कागदावर काढलेलं फाटकाचं चित्र माझ्या पाकिटात बरेच दिवस होतं.

गेल्या वर्षी कळमनुरीला वंदनाताईंच्या घरी गेलो. त्या आता मुलांच्या शिकवण्या घेतात. ओसरीत वीसेक लेकरं गणित सोडवत होती. चहा दिला. मग म्हणाल्या, "दादा, एक विचारू? ते पहिलं पत्र. तुमी प्रोग्राम बघून सही केली का न बघता?"

"न बघता."

त्यांनी एका लेकराची वही तपासून परत दिली. "मला वाटायचं बघून केली," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी तुम्हाला लबाड समजून राहिले."

"न बघता करणारा कमी लबाड असतो का, ताई?"

"ते मला ठरवता येईना. पण काढल्याचा कागद आजही माझ्या पेटीत हाय, दादा. पोरगी मोठी झाली. ती विचारते, आई, ह्यात लिहिलंय ते तू केलं का? तिला दाखवायला माझ्याकडं दुसरा कागद न्हाई."

माझं पहिलं पत्र मी रजिस्टर पोस्टाने मागे घेतलं आहे, दोनदा. पोचपावत्या आहेत, उत्तर नाही. तेव्हा आता इथे विचारतो. दिगंबर, फोन कोणाचा होता? तुला आठवत नाही असं म्हणू नकोस, तुला एकदा पाहिलेलं पान आठवतं. आणि सचिवसाहेब, तुम्ही अजून हिंगोलीतच राहता, सकाळी फिरायला जाता, मी तुम्हाला पाहतो. वंदनाताईंनी ती तारीख बदलली नाही, हे तुम्हाला त्या दिवशी पडदा फिरवला तेव्हा कळलं की त्याच्या आधीपासून माहीत होतं? दोघांनीही उत्तर द्या. मला नको. लेखी, तुमच्या सहीने, कळमनुरीला, वंदनाताईंच्या मुलीच्या नावाने पाठवा.